राजपुत्राचे गाणे आणि गव्हाणीतले बाळ

योहान सेबास्टियन बाखचे चरित्र लिहावयास बसले म्हणजे प्रथमच एक अडचण जाणवते. या मनुष्याच्या आयुष्यात सांगण्यासारखे फारसे काही घडलेच नाही. त्याच्याच वर्षी, म्हणजे १६८५ साली, जन्मलेला हँडेल इटली पाहून आला, लंडनला जाऊन राजाच्या मर्जीस उतरला, नाटकमंडळ्या चालवून बुडाला आणि पुन्हा वर आला. बाखने यांतले काही केले नाही. जर्मन भाषेच्या मुलुखात एका नोकरीतून दुसऱ्या नोकरीत जावे, मुलांना शिकवावे, पगारासाठी भांडावे आणि रविवारमागून रविवार नवे संगीत लिहून उभे करावे, यातच त्याची ६५ वर्षे सरली. दरबारात चाकरी करणाऱ्या गायकाच्या घरी मी वाढलो आणि पुढे संगीतशिक्षकाची नोकरी पत्करली, त्यामुळे असे आयुष्य मला कंटाळवाणे वाटत नाही, ओळखीचे वाटते. नाताळच्या निमित्ताने त्याच्याविषयी लिहावे असे बरेच दिवस मनात होते. त्याचे कारण १७३४ सालचा एक नाताळ आहे. पण तिथवर पोहोचण्यासाठी थोडे मागून आले पाहिजे.

बाखचा जन्म थुरिंगिया प्रांतातील आयझेनाख या गावचा. गावाच्या माथ्यावर वार्टबुर्गचा किल्ला आहे. याच किल्ल्यात लपून राहून मार्टिन ल्यूथरने १५२१-२२ साली बायबलचा नवा करार आपल्या लोकांच्या भाषेत आणला. ज्या लॅटिन शाळेत ल्यूथर लहानपणी शिकला, तिथेच जवळजवळ दोनशे वर्षांनी बाखने धुळाक्षरे गिरवली. बाप योहान अँब्रोसियस हा गावचा पगारी वादक. ठराविक वेळी नगरगृहावरून वाद्ये वाजवावीत, सणावारी चर्चमध्ये साथ करावी, ड्यूकच्या दरबारातही हजेरी लावावी, अशी त्याची चाकरी. आपल्याकडच्या नगारखान्याची आठवण व्हावी अशी. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या हाच व्यवसाय. त्या मुलुखात बाख हे आडनाव आणि वादक हा शब्द यांत लोक फारसा फरक करीत नसत.

आठ भावंडांत हा धाकटा. नऊ वर्षांचा असताना आई गेली आणि वर्षाच्या आत बाप गेला. थोरला भाऊ ओहरड्रुफला ऑर्गनवादक होता, त्याने सांभाळ केला. या भावाजवळ मोठमोठ्या उस्तादांच्या रचनांची एक वही होती आणि ती तो धाकट्याला हात लावू देत नसे. पोराने कपाटाच्या जाळीतून हात घालून ती रोज रात्री काढावी आणि चांदण्यात बसून उतरवून घ्यावी, असे सहा महिने चालले. नक्कल पुरी झाली आणि भावाच्या ती हाती लागून जप्त झाली. ही हकिगत त्याच्या मृत्युलेखात आली आहे. चीज लपवून ठेवणारे वडीलधारे आणि ती चोरून घेणारी पोरे आपल्याकडच्या प्रत्येक घराण्यात सापडतील, म्हणून मला ती खरी वाटते.

पुढची पंचवीस वर्षे भरभर सांगतो. अठराव्या वर्षी आर्नश्टाटला ऑर्गनवादकाची नोकरी. तिथून चार आठवड्यांची रजा घेऊन १७०५ साली तो लुबेकला वृद्ध बुक्स्टेहुडेचे वादन ऐकायला गेला, सुमारे चारशे किलोमीटर, असे म्हणतात की पायी, आणि परतला चार महिन्यांनी. मग म्युलहाउझेन, लग्न, वायमारचा दरबार. वायमारच्या ड्यूककडे त्याने नोकरी सोडण्याची परवानगी इतक्या हट्टाने मागितली की १७१७ च्या नोव्हेंबरात त्याला कैदेत टाकले. जवळजवळ चार आठवड्यांनी सोडले ते नामुष्कीसह बडतर्फ करून. संस्थानिकाची चाकरी सोडणे ही धरण्याहून अवघड गोष्ट असते, हे सांगायला मला जर्मनीत जायला नको.

नंतरचा धनी, क्योथेनचा तरुण राजपुत्र लेओपोल्ड, मात्र गुणज्ञ निघाला. बाखच्या आयुष्यातले हेच काय ते सुखाचे दिवस. पण तेही पुरे लाभले नाहीत. १७२० च्या उन्हाळ्यात राजपुत्राबरोबर तो कार्ल्सबादच्या उष्ण झऱ्यांवर गेला होता. धडधाकट बायकोचा निरोप घेऊन निघालेला माणूस परतला तेव्हा तिला पुरून झाले होते. दीड वर्षाने त्याने दरबारातील गायिका आना माग्दालेना हिच्याशी लग्न केले. एका तुतारीवादकाची ही मुलगी. पुढे तिने त्याच्या रचना इतक्या उतरवल्या की दोघांचे हस्ताक्षर वेगळे ओळखणे जाणकारांनाही जड जाते.

१७२३ साली तो लायप्झिगला सेंट थॉमस शाळेचा कांटोर झाला. कांटोर म्हणजे मुलांचा संगीतशिक्षक आणि गावच्या मुख्य चर्चांच्या संगीताचा कारभारी. नगरसभेला खरे पाहता टेलेमान हवा होता, तो आला नाही, मग ग्राउप्नर हवा होता, त्याला त्याच्या धन्याने सोडले नाही, तेव्हा बाख. पहिल्या काही वर्षांत त्याने जवळजवळ दर आठवड्याला एक नवी कांटाटा लिहिली: एकल गायन, समूहगान व वाद्यमेळ असलेली वीसेक मिनिटांची धर्मसंगीताची रचना. ती लिहायची, तिचे कागद उतरवून काढायचे, शाळेतल्या पोरांकडून बसवून घ्यायची आणि रविवारी सकाळी सात वाजता सुरू होणाऱ्या उपासनेत उभी करायची. वर्ग घेऊन घरी आल्यावर तंबोरा जुळवण्याचेही त्राण ज्यांना राहत नाही, त्या आम्हा शिक्षकांनी या गोष्टीचा विचारच न केलेला बरा.

नगरसभेशी पुढे त्याचे बिनसले. १७३० साली त्याने लांबच्या एका बालमित्राला पत्र लिहून दुसरीकडे कुठे सोय होईल का, असे विचारले. त्या पत्रात पगाराच्या तक्रारी आहेत, आणि एक विलक्षण तक्रार अशी की लायप्झिगची हवा निरोगी असली म्हणजे मर्तिके कमी होतात आणि त्या वेळच्या गायनाची बिदागी बुडते. हे वाचून हसू येते. मग त्याच्या घराची जंत्री पाहावी. १७२६ ते १७३३ या आठ वर्षांत त्याने व आना माग्दालेनाने आपली ७ मुले पुरली. एक नव्या वर्षाच्या दिवशी जन्मून चौथ्या दिवशी गेले, एक जन्मल्याच्या दुसऱ्या दिवशी, एक मुलगी पाचव्या वर्षी. दोन्ही लग्नांची मिळून त्याला २० मुले झाली. मोठी झाली १०.

१७३३ साली सॅक्सनीच्या गादीवर नवा राजा आला आणि नगरसभेला कंटाळलेल्या कांटोरला दरबारी किताबाचा आसरा घ्यावासा वाटू लागला. राजाकडे त्याने रीतसर अर्ज धाडला. त्याचबरोबर राजघराण्याच्या वाढदिवसांना संगीत सादर करण्याचा सपाटा लावला. झिमरमानच्या कॉफीगृहात व त्याच्या बागेत विद्यार्थ्यांच्या वाद्यमंडळाकडून हे जलसे होत. ५ सप्टेंबर १७३३ रोजी अकरा वर्षांच्या राजपुत्राच्या वाढदिवसाला हर्क्युलिसचे आख्यान झाले. त्यात विलास आणि सद्गुण या दोघी त्याला आपापल्याकडे ओढतात. ८ डिसेंबरला राणीच्या वाढदिवसाला नगारे-तुताऱ्यांची रचना झाली. १७३४ च्या ऑक्टोबरात राजाराणी अचानक लायप्झिगला आली. बाखच्या हाती जेमतेम तीन दिवस. ५ तारखेच्या रात्री बाजारचौकात राजाच्या गौरवाची रचना झाली. सहाशे विद्यार्थी मशाली घेऊन उभे होते. मुख्य तुतारीवादक गॉटफ्रीड राइखे, वय ६७, दुसऱ्या दिवशी घराजवळ रस्त्यात कोसळला आणि गेला. आदल्या रात्रीच्या वाजवण्याचे श्रम आणि मशालींचा धूर यांनी त्याचा बळी घेतला, अशी नोंद त्या गावच्या बखरकाराने केली आहे. दहा वर्षे बाखने तुतारीसाठी जे जे अवघड लिहिले ते याच्या छातीच्या भरवशावर.

त्यानंतर अडीच महिन्यांनी नाताळ आला.

लायप्झिगमध्ये नाताळच्या आधीचे तीन रविवार चर्चमध्ये वाद्यसंगीत बंद असे. हा प्रतीक्षेचा, पश्चात्तापाचा काळ. थंडी, अंधार आणि ही शांतता. मग २५ डिसेंबर १७३४ च्या पहाटे सेंट निकोलस चर्चमध्ये एकट्या नगाऱ्यावर मोजके ठोके पडले, बासऱ्या उठल्या, पुन्हा नगारा, मग तुताऱ्या, आणि सारे समूहगान उसळले. ख्रिसमस ऑरेटोरिओ नावाने आज जगभर ओळखल्या जाणाऱ्या रचनेची ती सुरुवात. तिचे सहा भाग आहेत व ते सहा दिवशी झाले: नाताळचे तीन दिवस, १ जानेवारी, त्यानंतरचा रविवार आणि ६ जानेवारी १७३५, म्हणजे पूर्वेकडील ज्ञानी पुरुष बाळाच्या दर्शनास आले त्याचा सण. महत्त्वाचे भाग सकाळी एका चर्चमध्ये व दुपारी दुसऱ्यात, म्हणजे दोन्ही गावकऱ्यांना ऐकायला मिळत.

आता यातली मेख सांगतो. तो नगाऱ्याचा प्रारंभ राणीच्या वाढदिवसाचा आहे. तिथे शब्दच मुळी नगाऱ्यांना व तुताऱ्यांना वाजायला सांगणारे होते, म्हणून नगारा आधी. मोठी समूहगाने आणि बहुतेक एकल गीते राजपुत्राच्या, राणीच्या व राजाच्या गौरवासाठी झालेल्या रचनांतून उचललेली आहेत. स्वर तेच ठेवून शब्द बदलले.

हे मला प्रथम समजले तेव्हा वाईट वाटले होते. एका ख्रिस्ती मित्राकडे तबकड्यांवर ही रचना मी ऐकली होती आणि भारावलो होतो; पुढे कळले की ही तर दरबारची खुशामत, देवळात आणून वाढलेली. माझ्या त्या रागाला एक घरगुती कारणही होते. वडिलांच्या वहीत त्यांनी स्वतः बांधलेल्या काही चिजा आहेत. त्यांतली यमन रागातली एक इतकी सुरेख आहे की तिच्या मुखड्यावर येताना अजून अंगावर काटा येतो. पण समेवर नाव येते ते धन्याचे, वाढदिवसाच्या शुभेच्छांसह. वडिलांच्या माघारी मी ती कोणाला शिकवली नाही. लाज वाटे. बाखवरचा राग हा त्या लाजेचाच भाग होता, हे समजायला मला बरीच वर्षे लागली.

खरे तर आपल्याला या रीतीचे नवल वाटू नये. आपली नाट्यपदे कुठकुठल्या चालींवर बेतली आहेत हे रंगभूमीच्या रसिकाला सांगणे नको. फादर स्टीफन्सने १६१६ साली ख्रिस्तपुराण छापले ते ओवीत, आणि ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती झाल्यावर येशूचे गुण गायला अभंग व कीर्तन हीच साधने घेतली. ल्यूथरपंथी लोकांतही लौकिक चाल देवाकडे वळवणे जुनेच होते. बाखने उलटा प्रवास, म्हणजे देवाचे संगीत घेऊन ते राजाला वाहणे, सहसा केलेला आढळत नाही. आणि शब्द बदलताना तो काय करतो हे जवळून पाहिले, म्हणजे ख्रिस्ती माणसाला नाताळ म्हणजे काय वाटते, तेच हाती येते.

आपल्याकडे भागवतात कृष्ण प्रथम शंखचक्रगदा घेऊन चतुर्भुज प्रकट होतो. देवकी विनवते तेव्हा साधे बाळ होतो. बेथलेहेमच्या कथेत ती चतुर्भुज क्षणाची झलकही नाही. देवदूत मेंढपाळांना खूण सांगतात ती एवढीच की बाळंत्यात गुंडाळलेले मूल गव्हाणीत निजलेले आढळेल. धर्मशाळेत जागा मिळाली नाही म्हणून गव्हाण. सृष्टी ज्याने केली तो मनुष्यदेह घेऊन आला आणि तोही असा, गरिबीत, परक्याच्या दारी, हा ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा. त्याने आपला मोठेपणा उतरून ठेवला, माणसाला त्याच्यापर्यंत चढता येईना म्हणून तो खाली आला, असे ते मानतात.

पहिल्या भागात खर्ज आवाजाचे एक गीत आहे, सोबत एक तुतारी. मूळ रचनेत ते राणीच्या स्तुतीचे. तुतारी हे राजचिन्ह. ती कोणासाठीही वाजत नाही. नव्या शब्दांत त्याच तुतारीखाली गायक सांगतो की ज्याने जग उभे केले त्याला पृथ्वीवरच्या थाटाची मातब्बरी नाही आणि तो कठीण गव्हाणीत झोपला आहे. स्वर बदललेला नाही, मान बदललेला नाही. तो मान ज्याच्या पायाशी ठेवला तो मात्र बदलला. बाजारचौकातल्या मशालींसमोर उभे राहिलेले पुष्कळ लोक त्या सकाळी बाकांवर असतील. राइखेची जागा दुसऱ्याने घेतली होती, तेही त्यांनी पाहिले असेल.

दुसऱ्या भागातला पाळणा तर याहून पुढे जातो. हर्क्युलिसच्या आख्यानात हे गीत विलासाच्या तोंडी आहे: नीज, सुखात बुडून जा, कर्तव्य विसर, असा मोह घालणारे. तेच गीत बाखने स्वर थोडा खाली आणून मंद्र केले, बासरीची एक रेघ वरून सोडली आणि बाळ येशूच्या पाळण्याला दिले. आता झोपायचे आहे ते पुढे सर्वांच्या भल्यासाठी जागे होण्याकरिता. चर्चमध्ये स्त्रिया गात नसत, तेव्हा हे गीत शाळेतल्या एखाद्या मुलाने म्हटले असणार. बालगंधर्वांच्या रंगभूमीवर वाढलेल्या आपल्या लोकांना त्यात विचित्र वाटायचे कारण नाही. सात पाळणे रिकामे झालेल्या बापाने ही जुनी चाल या जागेसाठी निवडताना काय मनात आणले असेल, ते मी लिहू शकत नाही. पण रामनवमीला पाळणा हलवताना आपल्या ज्या बायका डोळे पुसतात, त्यांना ते विचारावे.

या भागाच्या आरंभी नुसत्या वाद्यांचा एक तुकडा आहे. तंतुवाद्ये आणि बासऱ्या तीन-तीनच्या झुलत्या लयीत देवदूतांसारख्या तरंगतात. खालून जाड आवाजाच्या ओबो, आपल्या सनईच्या दूरच्या बहिणी, मेंढपाळांचे पावे होऊन उत्तर देतात. बराच वेळ दोघे आळीपाळीने बोलतात, आणि मग हळूहळू एकमेकांत मिसळतात. स्वर्ग आणि रान एकत्र आले, हे एकही शब्द न वापरता सांगण्याची ही रीत मला सबंध रचनेत सर्वांत आवडते.

चौथा भाग बाळाच्या नामकरणाचा, आठव्या दिवसाचा. तो मला तितका भिडत नाही. त्यात प्रतिध्वनीचे एक गीत आहे, गायिका प्रश्न विचारते आणि आडून एकाक्षरी उत्तर येते. ऐकताना थोडे पोरकट वाटते खरे. पाचव्या भागात मात्र एक चमत्कार आहे. बाजारचौकातल्या रात्री जे गीत आवेशाने पेटलेल्या शस्त्रांनी शत्रूला शासन करण्याविषयी होते, ते इथे माझ्या अंधाऱ्या अंतःकरणात उजेड पाड अशी प्रार्थना झाले आहे.

उसने घेतलेल्या या साऱ्यांत एकच एकल गीत बाखने अगदी नवे लिहिले. ते तिसऱ्या भागात, मेंढपाळ दर्शन घेऊन परतल्यावर. लूकच्या शुभवर्तमानात तिथे एवढेच आहे की मरीयेने या सर्व गोष्टी आपल्या अंतःकरणात ठेवून त्यांचे मनन केले. नगारे नाहीत, तुतारी नाही; मंद्र आवाज आणि एकच व्हायोलिन. हस्तलिखितात या जागेसाठी त्याने आधी दुसरेच काही लिहायला घेतले होते आणि ते खोडून टाकले. ज्याने दरबारची चाल प्रत्येक प्रसंगाला बेमालूम बसवली, त्याला आईच्या मनातल्या गोष्टीसाठी एकही तयार चाल पुरली नाही.

आणखी एक सांगायचे राहिले. पहिल्या भागात, बाळ अजून जन्मायचे आहे तेव्हाच, सगळी मंडळी एक भक्तिगीत म्हणतात: तुझे स्वागत मी कसे करू, असा त्याचा भाव. त्याची चाल हान्स लेओ हासलरच्या १६०१ सालच्या एका प्रेमगीताची. पण लोकांच्या कानात ती मुख्यतः काटेरी मुकुट घातलेल्या, क्रूसावरच्या ख्रिस्ताच्या गीताची होती. बाखने स्वतःच १७२७ च्या मत्तयलिखित दुःखसहनाच्या संगीतात ती पाच वेळा वापरली होती. तीच चाल सहाव्या भागाच्या अगदी शेवटी, हेरोदाचा कावा फसल्यावर, तुताऱ्यांसह विजयगीत होऊन येते. काही पंडित बजावतात की त्या काळी या चालीवर इतर गीतेही म्हणत, तेव्हा तिच्यात फार अर्थ शोधू नये. असेल. पण संगीतातल्या माणसाला एक स्वरावली दोन ठिकाणी ठेवल्यावर काय होते हे कळत नसते, यावर माझा विश्वास नाही. लायप्झिगमध्ये नाताळच्या दुसऱ्या दिवशीच पहिला हुतात्मा स्तेफन याचेही स्मरण असे. गव्हाण आणि क्रूस या लोकांना कधी फार लांब वाटलेच नाहीत.

दरबारी किताब बाखला १७३६ साली मिळाला. त्याने नोकरीत फारसा फरक पडला नाही. म्हातारपणी दृष्टी गेली. १७५० साली टेलर नावाच्या एका फिरत्या इंग्रज वैद्याने डोळ्यांवर दोनदा शस्त्रक्रिया केली, ती अंगावर आली, आणि २८ जुलैला त्याचा अंत झाला. थडग्यावर नावाचा दगडही नव्हता. आना माग्दालेना दहा वर्षे मागे राहिली आणि धर्मादायावर जगून गेली. ऑरेटोरिओचे हस्तलिखित मुलगा कार्ल फिलिप इमानुएल याने जपले म्हणून वाचले. १८५७ साली बर्लिनच्या गायनसंस्थेने ते सबंध पुन्हा उभे केले, तेव्हा त्या राजाराणीची नावे कोणाच्या ध्यानी नव्हती. राजपुत्र तर मोठा होऊन गादीवर बसल्यावर अडीच महिन्यांतच देवीने गेला होता.

वडिलांची वही मी मागच्या महिन्यात काढली. यमनातल्या त्या चिजेतील नावाच्या जागी नेमक्या तितक्याच मात्रांचा शब्द हवा आहे. दोन-तीन बसवून पाहिले, अजून जमलेले नाही.